दुरुस्तीचं पान

कोणी ‘कायदाच तसा आहे’ म्हटलं की आमचे वकीलसाहेब हात पुढे करायचे, तळवा वर. “छापलेलं दाखवा जी.” समोर शिपाई असो की साहेब, हात तसाच राहायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि टाळलीही असतील. चांद्याच्या कोर्टात मीही त्यांना टाळत असे. पुढे त्यांचाच ज्युनिअर झालो.

त्यांच्या बैठकीत खुर्च्यांवरसुद्धा सरकारी गॅझेटं असत. पक्षकार आला की एक गठ्ठा उचलून ते त्याला जागा करून देत आणि गठ्ठा मांडीवर घेऊन बोलत. आतून त्यांच्या बेगम म्हणायच्या, या घरात पाहुण्यांपेक्षा सरकारच जास्त बसून राह्यलं.

राज्यांची नवी मांडणी झाली त्यानंतरची गोष्ट. सावलीकडची एक म्हातारी कुंभारीण आली. मडकी भाजायच्या आव्यासाठी वाळलं लाकूड आणणाऱ्या त्यांच्या बैलबंड्या जंगलनाक्यावर अडवल्या होत्या. गाव मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या हाती होतं, ती मालगुजारी होती तोवर कोणी हटकत नव्हतं. आता नवा हुकूम आहे, एवढंच नाकेदार सांगत होता. मडकी कच्चीच पडून होती आणि तिचा लेक गाव सोडायच्या गोष्टी करत होता.

चांद्यात हुकूम सापडेना. राज्य बदलताना जुने कागद अर्धे इकडे, अर्धे तिकडे गेलेले. शेवटी आम्ही छोट्या रेल्वेगाडीनं नागभीडवरून नागपूर गाठलं. तिथल्या ग्रंथालयात जंगलखात्याचे खंड उलटून हात काळे झाले. मग साहेबांना सुचलं, की हा हुकूम मालगुजारी उठल्यावरचा, म्हणजे महसूलखात्याच्या खंडांत पाहायला हवा. आणि तिथं तो सापडला. नाकेदार खरं बोलत होता. मनाई छापलेली होती.

मी म्हटलं, हे पान आपण दाखवायचं कशाला? जंगलखात्याला शोधू दे.

साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “आपल्या सोयीचंच वाचायचं, तर इथवर आलो काऊन?”

परतल्यावर त्यांनी कुंभारणीला मनाई शब्दन् शब्द वाचून दाखवली. मग तिनं विचारलं, “याच्या पुढं कायी छापलं नाई का जी?”

साहेबांचा चेहरा उजळला. एकदा निघालेल्या हुकमाला दुरुस्ती निघू शकते, हे त्यांना ठाऊक होतं. पण मनाई सापडल्यावर तेही खचले होते आणि पुढचे अंक पाहायचे राहून गेले होते. आम्ही पुन्हा नागपूरला गेलो आणि मनाईच्या पुढचे अंक एकेक करून पाहिले. एका अंकाच्या शेवटी, विहिरींच्या लिलावाच्या जाहिरातीच्या वर, बारीक अक्षरात दुरुस्ती होती. गावच्या कारागिरांना परवान्यावर वाळलं लाकूड नेता येईल.

साहेब ते पान दोनदा वाचून खुर्चीत मागे टेकले. डोळे भरले होते. म्हणाले, “बाईनं विचारलं म्हणून.”

परवाने मिळाले, बंड्या सुटल्या. लेक गावातच राहिला. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी साहेब सावलीला जाऊन नवं गॅझेट लोकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवू लागले. नियम लोकांना कळले, की लोक प्रश्न विचारत. तेच त्यांना हवं असे.

साहेब वारले त्या आठवड्यातही त्यांच्या नावाचा गॅझेटचा अंक टपालानं आला. तो घेऊन मी सावलीला गेलो. कुंभारीण बाजारात मडकी मांडून बसली होती. तिनं मडकी सरकवून मला जागा केली, पदर सावरला आणि म्हणाली, “वाचा भाऊ. सावकाश वाचा.”