थर्मामीटर बाई

आमच्या बाईंच्या पर्समध्ये चष्म्याची एक जुनी डबी असायची. तिच्यात चष्मा नसायचा, काचेचा लांब थर्मामीटर असायचा. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला. हळदीकुंकवाला गेल्यावर कुणी सहज म्हणालं, "बाई, गुडघ्याला गरम पाण्याचा शेक देऊन राह्यले", की बाईंचा प्रश्न ठरलेला, "गरम म्हणजे किती?" समोरची म्हणायची, "सोसंल इतकं." मग बाई उठायच्या, थेट तिच्या घरच्या मोरीपर्यंत जायच्या आणि बादलीत थर्मामीटर बुडवायच्या. त्यामुळे आमच्या साऱ्या अंबड गावात त्यांचं नाव थर्मामीटर बाई पडलं. लोक हे नाव हसत हसत घ्यायचे. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा, आता तर जास्तच येतो.

बाई आम्हाला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. त्याआधी काही वर्षं त्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होत्या. सांध्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांच्यात मुद्दाम दाह निर्माण करायचा आणि मग त्यांना ऊब देऊन बघायचं, दाह उतरतो की वाढतो, हे त्यांचं काम. ते चालू असताना इकडे सासरे अंथरुणाला खिळले. घरातल्या कुणीतरी परत यायला हवं होतं, आणि अशा वेळी कुणीतरी म्हणजे कोण, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. बाई काम अर्धवट टाकून आल्या. नवरा नोकरीसाठी पुण्यातच राहिला आणि त्याला कुणी काही म्हणालं नाही.

त्या बशीतल्या पेशींबद्दल मात्र बाई वर्गात अशा बोलायच्या, जणू सकाळीच त्यांना भेटून आल्यात. "ताप आल्यावर असते तेवढी ऊब, तीही थोडाच वेळ मिळाली, तर पेशी स्वतःला सावरतात. बचावाची प्रथिनं तयार करतात आणि दाह उतरायला लागतो. त्याहून जास्त तापवलं तर त्याच पेशी मरतात, अन् मरता मरता शेजारच्यांना आणखी भडकवतात. म्हणून उष्णता चांगली का वाईट, असं विचारूच नका. किती, कधी अन् कशावर, ते विचारा." किती, कधी, कशावर. आम्ही पोरीपोरी डब्यातली भाजी वाटून घेतानाही त्यांची नक्कल करायचो. बाईंनी ऐकलं तरी त्या रागवायच्या नाहीत.

राग त्यांना वेगळ्याच गोष्टीचा यायचा. आपल्याकडे तोंड आलं की उष्णता, फोड आला की उष्णता. मेथी बंद, अंडं बंद, सब्जा सुरू. आणि तोच माणूस सुजलेल्या गुडघ्यावर तापलेली वीट ठेवून बसणार. "आतून उष्णता झाली म्हणून सब्जा पिता, अन् वरून तीच विटेनं घालता. काही ताळमेळ?" असं त्या भर बाजारात विचारायच्या. लोकांना वाटायचं, बाई शिकल्या म्हणून मिजास करतात.

वीट म्हटलं की आमच्या थोरल्या काकू आल्या. म्हणजे आईची मोठी जाऊ, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. काकूंच्या चुलीशेजारी शेकाची एक खास वीट असायची, वापरून वापरून काळी गुळगुळीत झालेली. ती तापवायची, एरंडाच्या पानांत आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची आणि दुखऱ्या सांध्यावर ठेवायची. सगळी गल्ली ती वीट मागून न्यायची आणि काकूंचा त्यात मोठा मान होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी मोसंबीच्या बागेत गवत काढताना आईच्या गुडघ्यात काटा गेला. तिनं तो उपटून टाकला आणि विसरून गेली. पुढे गुडघा सुजला, लालबुंद झाला, अंगात ताप भरला. काकूंनी निदान केलं, "वात धरला हिला." वीट आली. आई कळवळायची तर काकू म्हणायच्या, "दुखून राह्यलं म्हंजे वात निघून राह्यला. सोस जरा." आणि आई सोसत राहिली. मी तेव्हा जालन्याला बँकेत नोकरीला होते, रविवारी घरी आले तर आई अंथरुणावर आणि गुडघ्याला भाजल्याचा फोड. मी धावत जाऊन बाईंना घेऊन आले.

त्या दिवशी बाईंनी डबी उघडलीसुद्धा नाही. हाताची मागची बाजू त्यांनी आईच्या एका गुडघ्यावर ठेवली, मग दुसऱ्यावर, आणि काकूंकडे वळल्या. "हा वात न्हाई काकू. काट्यानं आत पू धरलाय. आधीच जाळ पेटलाय तिथं वरून इंगळ ठेवून राह्यलात तुम्ही." मग मला म्हणाल्या, "गाडी बोलाव. जालन्याला चल, आत्ता." काकूंनी तोंड फिरवलं. त्यांना आजवर असं कुणी कधी बोललं नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून पू काढला, सांधा आतून धुतला. आणखी उशीर झाला असता तर सांधा कायमचा गेला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई घरी आली, पण पाय काठीसारखा ताठ. गुडघा वाकेचना. काकूंना तेवढंच हवं होतं. "बाईनं शेक बंद करिवला म्हणून पाय आखडला," हे गल्लीभर झालं, गल्लीतून बाजारात गेलं. त्या संक्रांतीला बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं फारसं कुणाकडून आलं नाही. जिनं पाय वाचवला तिच्याच डोक्यावर पाय अधू केल्याचं खापर! मी भांडायला निघाले तर आईनंच अडवलं. तिला जावेच्या शेजारी दिवस काढायचे होते.

बाई मात्र बोलावण्याची वाट बघत बसल्या नाहीत. जखम भरली, सूज आणि ताप पूर्ण गेला, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागल्या. आता डबी उघडली. पाण्यात थर्मामीटर बुडवून, बेतानं कोमट झालेल्या पाण्यात त्या टॉवेल पिळायच्या, गुडघ्यावर ठेवायच्या आणि मग हळूहळू पाय वाकवून घ्यायच्या. काकूंनी दारातून विचारलंच, "आता चालतो का शेक?" बाई म्हणाल्या, "तेव्हा आत जाळ होता. आता नुसता आखडलाय. दुखणं बदललं की उपाय बदलतो." पाय वाकायला लागला. उन्हाळ्यात आई पुन्हा मांडी घालून जेवायला बसली, आणि गल्लीनं निकाल दिला, बघा, शेवटी शेकानंच गुण आला.

हे ऐकून बाई आमच्या ओट्यावर बसून थर्मामीटर पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "विटेवर माझा राग न्हाई गं. ती बिचारी तापते, निवते. किती म्हणून विचारलं की लोकांना अपमान वाटतो, त्याचा संताप येतो."

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी भाषणात सांगितलं, "बाई एवढ्या विज्ञानवादी, पण शेवटी त्यांनाही आपल्या जुन्या शेकाला शरण जावं लागलं." सभेत हशा पिकला. समोर बाईंचा हार घातलेला फोटो आणि लोक हसताहेत. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मी उठणार तोच शेजारी आई उठली. खाली सतरंजीवर बसली होती, गुडघ्यावर हात न टेकता उठली. चार माणसांत ती कधी बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, "इटेनं माहा पाय जाळला व्हता. ह्या बाईनं वाचिवला. हसू नका." आणि खाली बसली. पदाधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

काकूही सभेला आल्या होत्या. परत येताना त्या कुरकुरल्या, "एवढ्या माणसांत बोलायची काय गरज व्हती? झालं गेलं."

"बाई असत्या तं त्याच भांडल्या असत्या, जाऊबाई," आई म्हणाली. "आता त्या न्हाईत."

एवढं बोलून ती पुढं चालायला लागली. काकूंना तिला गाठता गाठता धाप लागली.