परसाकडची वाट

डोंबिवलीच्या नव्या घरात पाऊल टाकलं आणि मुलाने सगळ्यात आधी काय दाखवलं, तर संडास. देव कुठे मांडायचे, चूल कुठे, पाणी कधी येतं, हे सगळं मागून. स्वयंपाकघराला लागून असलेलं पांढरं दार त्याने उघडलं आणि म्हणाला, "बघा नाना, घरातल्या घरात. आता बाहेर जायला नको." आत पांढरं भांडं बसवलेलं, वरच्या टाकीची साखळी लोंबत होती. मला उमासे आले. मी खिडकीशी जाऊन तोंडावर उपरणं धरून उभा राहिलो.

तेव्हा मी नुकताच पेन्शनीत निघालो होतो. सगळा संसार कल्याणला एका घरमालकाच्या दोन खोल्यांत झाला. तिथला संडास परसाच्या टोकाला, केळींच्या पलीकडे. जानवं कानाला अडकवायचं, तांब्या घ्यायचा, जाऊन यायचं, विहिरीवर हातपाय धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. जेवायची जागा आणि ती जागा यांत चार पावलांचं तरी अंतर असावं, एवढी अक्कल माझ्या आजोबांनाही होती. इथे मधे फक्त एक भिंत, तीही हडकुळी. त्याच भिंतीला अलीकडून फळी ठोकून बायकोने देव मांडले, कारण दुसरी जागाच नव्हती. मी पूजेला बसलो की पलीकडे कोणीतरी साखळी ओढायचं. अशा वेळी घंटा वाजवावी की थांबावं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बायकोला मात्र किळस वगैरे काही आली नाही. तिचे गुडघे धरले होते. पहिल्या दिवसापासून ती त्या दारातून अशी जा-ये करू लागली, जशी काही माहेरपणाला आली आहे. सून रोज कौतुकाने तिथे फिनेल ओतायची. त्या फिनेलचा वास आमटीला येतो असं मी म्हणालो, तर मुलगा हसला. मी ताटावरून उठलो. भूक होती, तरी उठलो. त्या घरात मला चव लागायची ती फक्त वालाच्या शेंगांच्या भाजीला. गावातली एक बाई दारावर ताज्या शेंगा आणायची. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खायचो.

कल्याणच्या घरमालकाने निघताना सांगितलं होतं, नाहीच करमलं तर परत या, होळीपर्यंत खोल्या कुणाला देत नाही. त्या एका शब्दावर मी दिवस ढकलत होतो. तोवर माझी सोय मीच केली होती. पहाटे शालीखाली तांब्या धरायचा, फिरायला जातो म्हणून सांगायचं आणि खाडीच्या बाजूच्या शेतांकडे निघायचं. त्या घरात मी जेवेन, झोपेन, पण ते दार उघडणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शेतावर मी एकटा नव्हतो. धुक्यात आणखी शाली दिसायच्या. एक माजी हेडमास्तर, एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणखी एकदोघे, सगळे नव्या इमारतींतले. सगळे माझ्यासारखेच फिरायला निघालेले. भेटलो की थंडीबद्दल बोलायचो. प्रत्येकाचा डावा हात शालीत असायचा आणि त्याबद्दल कोणी विचारत नसे.

एके दिवशी मी बसणार इतक्यात बांधावर शेताचा मालक उभा दिसला. तिथलाच जुना आगरी शेतकरी. आरडाओरडा नाही, शिवी नाही. तोंड मात्र त्याने असं केलं होतं, जसं मी ते पांढरं दार पाहून केलं असेल.

"आजोबा, तुमचे घरान संडास हाय ना? मंग आमचे वालान कशाला बसता? याच शेंगा आमची बाय तुमचे दारान इकाला आनते."

हेडमास्तर एका बाजूने सटकले, मी दुसऱ्या. तांब्या तसाच भरलेला. घरी आलो, आंघोळ केली, पुन्हा केली. दुपारी ताटात नेमकी शेंगांची भाजी. आधी त्या शेताची शिसारी आली, मग भाजीची, मग स्वतःची. भाताला हातही न लावता उठलो आणि तडक कल्याण गाठलं. म्हटलं, आजच खोल्यांचं नक्की करून टाकू.

घरमालकाने हसून स्वागत केलं. खोल्या रिकाम्याच होत्या, शब्द पाळला होता त्याने. नव्या चुन्याचा वास येत होता. आतल्या खोलीचा कोपरा, जिथे माझे देव होते, तिथे त्याने विटांचा आडोसा घालून दार बसवलं होतं.

"मुंबईकडचे भाडेकरू येतात ते आधी हेच विचारतात," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हांलाही उतारवयात बरं. परसातला पाडून टाकला."

त्याने अभिमानाने दार उघडलं. देवांचा कोनाडा तसाच होता. त्यात फिनेलची बाटली ठेवली होती.

पोटात कळ यायला लागली होती. पहाटेपासून ते राहून गेलं होतं. हवं तर आत जाऊन या, असंही तो म्हणाला. मी पायांत वहाणा सरकवल्या आणि स्टेशनची वाट धरली.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुणाशी न बोलता जानवं कानाला अडकवलं आणि ते पांढरं दार उघडलं. किळस होती तेवढीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त आता दुसरीकडे जायला जागा नव्हती. भिंतीपलीकडे बायको देवांपुढे दिवा लावून हळू आवाजात स्तोत्र म्हणत होती. तिचं संपेपर्यंत मी साखळीला हात लावला नाही.