गणोजीरावांची गादी

विनोदिनी कवठेकर यांनी एकोणीस वर्षं देवासच्या एका चामड्याच्या कारखान्यात बुटांचे वरचे भाग शिवले. तो शिवणविभाग बंद झाला तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. मशिनं विक्रीला निघाली, त्यातलं जाड चामडं शिवणारं एक त्यांनी घरी आणून ओसरीत ठेवलं. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. "पायाला सवय आहे त्याची," एवढंच त्या माझ्या आईला म्हणाल्या. आम्ही त्यांच्या समोरच राहतो, त्यांना काकू म्हणतो.

पहिली गादी त्यांच्या यजमानांच्याच मोटरसायकलची. अंबरीशराव शाळेत गणित शिकवतात. मांजरानं त्यांच्या गादीवर नखं परजली, रेक्झिन फाटलं, आणि पावसाळ्यात आतला फोम पाणी पिऊन बसला. गादी वरून कोरडी दिसली तरी बसलं की पाणी वर यायचं. नववीच्या वर्गात फळ्याकडे तोंड केल्यावर मागे खसखस पिकली, तेव्हा त्यांना कळलं की आपली पँट ओली आहे. त्यांनी बाजारातून जुन्यावरूनच एक कव्हर चढवून आणलं, तर ओल आतच कोंडली आणि कुबट वास यायला लागला.

काकूंनी गादी काढून उलटी केली. खालच्या प्लास्टिकच्या पाटीला रेक्झिन पिनांनी ठोकलेलं असतं. पेचकसानं त्यांनी एकेक पिन उचकटली, फाटकं कव्हर शिवणीवर उसवलं आणि त्याचे तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून खडूनं आखले, जसा जुन्या ब्लाउजवरून नवा बेततात तसं. फोम चार दिवस गच्चीवर वाळवला. नवं कव्हर शिवून झालं तेही तासभर उन्हात टाकलं, कारण ऊन खाल्लेलं रेक्झिन मऊ पडतं आणि ओढलं की बसतं. आधी पुढचं टोक, मग मागचं, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं ताणत पिना मारल्या. कुठे एक सुरकुती नव्हती.

शाळेतल्या दोघा मास्तरांनी आपल्या गाड्या आणल्या, मग गल्लीतल्यांनी. महिन्याभरात ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

हे सगळं एकट्या दत्तोपंतांना खपत नव्हतं. दत्तोपंत म्हणजे काकूंचे सासरे, वय ब्याऐंशी. नोकरीत असताना बागलीकडच्या खेड्यांत जमिनी मोजत हिंडलेले, शब्दाला करडे. "कवठेकरांच्या ओसरीवर आता फटफट्यांची खोगिरं!" असं म्हणून त्यांनी आपली खुर्ची आणि वर्तमानपत्र आत नेलं. काकू त्यांना उलट बोलत नसत. "मामंजी, चहा आत आणू?" म्हणत आणि मशीन चालू करत.

मग गणोजीराव आले. ते एका दूध संकलन संस्थेत नमुने तपासायचं काम करत. रोज सोनकच्छच्या बाजूची गावं धरून शंभरेक किलोमीटर मोटरसायकल. दोन मणके सरकलेले. गादी मधोमध फाटून फोमचा पार पापड झाला होता. "डॉक्टर म्हणतो फिरती सोड," ते म्हणाले. "पण काकू, ऑफिसात जागा निघेपर्यंत तर गाडी चालवायचीच ना?"

काकूंनी जीव ओतून गादी केली. फोम नवा, जाड, वर दुहेरी शिवण. आठ दिवसांनी गणोजीराव परत आले. मांड्यांना मुंग्या येत होत्या. काकूंनी गादी उघडली, फोम कमी केला. पुन्हा आठ दिवसांनी दारात तेच.

"काकू, बुरा मत मानना," ते ओशाळून म्हणाले. "दिसायला गादी एकदम राजेशाही आहे. पण ब्रेक मारला की मी टाकीवर सरकतो, अन् सोनकच्छ येईपर्यंत पाय माझे राहत नाहीत. एक विचारू? तुम्ही गाडी चालवता?"

"नाही."

"मागे बसता तेव्हा?"

"एका बाजूला पाय सोडून," काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

नंतर त्यांनी आईला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना लाजच वाटली. इतक्या गाद्या केल्या, पण दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या एकाही गादीवर बसल्या नव्हत्या. हातानं दाबून त्या मऊ की कडक ते ठरवत होत्या. बसणाऱ्याचा भार कुठे येतो ते हाताला कसं कळणार?

त्याच दिवशी त्यांनी अंबरीशरावांना म्हटलं, "अहो, मला गाडी शिकवा."

"स्कूटी शीक ना. सोपी असते."

"गणोजीरावांकडे स्कूटी नाहीये."

अंबरीशराव चाचरले. मैदानावर शाळेची मुलं येतात, बघतील, हसतील. आतून दत्तोपंतांचा आवाज आला, "त्याला काय विचारतेस? तो अजून दुसऱ्या गियरात गचके देतो. उद्या सकाळी तयार राहा. मी येतो."

दोघं थक्क होऊन बघत राहिली. दत्तोपंतांनी बागलीच्या कच्च्या वाटांवर तीस वर्षं मोटरसायकल हाकली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणाच्या ध्यानात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू लग्नानंतर पहिल्यांदाच सलवार-कुर्ता घालून मैदानावर गेल्या. दत्तोपंत कडेला घडीची खुर्ची टाकून बसले आणि काठी उगारून ओरडू लागले, "क्लच हळू सोड! हळू म्हणजे दुधावरची साय काढतेस तसा! समोर बघ, चाकाकडे काय बघतेस?" अंबरीशराव गाडीमागे धावत. तिसऱ्या दिवशी काकू गाडीसकट आडव्या झाल्या, पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. दत्तोपंत उठून जवळ गेले. "लागलं फार?" त्यांनी विचारलं. काकू नाही म्हणाल्या. "मग उचल. पडल्यावर लगेच बसायचं, नाही तर भीती घर करते."

महिन्याभरानं, हातात लायसन्स पडल्यावर, एका रविवारी अंबरीशरावांना मागे बसवून त्या सोनकच्छपर्यंत जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांना धड चालवत नव्हतं, पण चेहरा फुललेला. गादीची कड मांडीखाली दोरीसारखी काचते, गादीला पुढे उतार असला की माणूस घसरतो आणि सगळा धक्का माकडहाडावर जातो, हे त्यांना आता अंगानं ठाऊक झालं होतं. दत्तोपंतांशी त्या तासभर त्यावरच बोलत बसल्या. इतकं त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

गणोजीरावांना त्यांनी काळी पँट घालून बोलावलं. उघड्या फोमवर रांगोळीची पूड भुरभुरली आणि म्हणाल्या, "बसा. नेहमी बसता तसेच, ऐटीत नको." ते उठले तेव्हा पँटवर दोन पांढरे ठसे उमटले होते. डावा ठळक, उजवा पुसट. दुखऱ्या पाठीमुळे ते डावीकडे कलून बसत, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. काकूंनी पाव कापायच्या सुरीनं फोम तासला, कडा गोल केल्या, मागे उंचवटा ठेवला, भार येतो तिथे कडक थर चिकटवला. दिवसभरात त्यांना चार वेळा बसवलं. मगच रेक्झिन चढवलं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. गणोजीराव आले नाहीत. काकू फोन उचलत आणि खाली ठेवत. विसाव्या दिवशी ते आले, सोबत संस्थेतले आणखी दोघं.

"कसं काय?" काकूंनी विचारलं.

"पाठ दुखते," गणोजीराव म्हणाले. "ती दुखणारच, मणकेच तसे आहेत. पण पहिलं मला दुपारी कुठल्या तरी झाडाखाली अर्धा तास आडवं व्हावं लागायचं. आता घरी जाऊन आडवा होतो."

काकू हसल्या आणि डोळे पुसले. दत्तोपंत तोवर त्या दोघांना विचारू लागले होते, "कोणत्या रस्त्यानं जाता? खड्डे किती? मागे बायको बसते का?"

पुढच्या वर्षी गणोजीरावांना ऑफिसात जागा मिळाली. काकू आता दर गुरुवारी स्वतः मोटरसायकलनं सोनकच्छला जातात. गाडीला रेक्झिनची गुंडाळी बांधलेली असते. मंडीजवळ एका दुकानदारानं त्यांना पडवी दिलीय. तिथे कुणी गाडी आणली की त्या आधी रांगोळीचा डबा उघडतात. मागच्या गुरुवारी एक तरुण म्हणाला, "आंटीजी, बस फटी सीट सी दो, बैठना-वैठना रहने दो."

"बस बाळा," काकू मराठीतच म्हणाल्या. "दोन मिनिटं लागतात."

तो बसला.