भूपालने बांधलेली जीप

१९४६ च्या उन्हाळ्यात आमच्या वर्कशॉप सेक्शनचा तळ साताऱ्याबाहेरच्या माळावर पडला. लढाई संपली होती. ब्रह्मदेशातून परत आलेल्या गाड्या तपासायच्या, चालतील त्या दुरुस्त करायच्या, उरलेल्या मोडीत काढायच्या, एवढंच काम होतं. मी लान्स नाईक, वाईकडचा. माझ्या वरच्या हुद्द्यावर नाईक भूपाल चौगुले, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. इंफाळपासून आम्ही एकत्र होतो.

त्या गाड्यांत एक जुनी जीप होती. दोन स्ट्रेचर बसतील असा सांगाडा तिच्यावर लावलेला होता. डोंगरातल्या वाटा आणि वरचा भार, यामुळे मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवतात तिथे चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी चौकटीला, दोन्ही बाजूंनी चिरा गेल्या होत्या. मोडीत काढायची म्हणून कॅप्टन साहेबांनी तिच्यावर खडूने फुली मारली. भूपालने ती मागून घेतली. मेढ्याच्या वर डोंगरात लॉरी चढत नाही, पावसाळ्यात अशी एक गाडी हाताशी असावी, असं त्याचं म्हणणं. साहेब म्हणाले, "ऑल राइट, नाईक. पण फ्रेम टिकली पाहिजे."

भूपालचा चुलतभाऊ सांगलीत उसाच्या चरकांची दुरुस्ती करायचा. भूपाल मापं घेऊन रजेवर गेला आणि चिरांच्या जागी आधार द्यायला त्याच्याकडून जाड पोलादी पट्टीचे चार ब्रॅकेट करवून, पोत्यात घालून परत आला.

आम्ही बॉडी उतरवली. गंज घासून काढला. प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. चिरा वेल्डिंगने भरल्या. चेसीचे कोपरे दोरीने तिरपे मापले आणि फरक निघाला तिथे जॅक लावून सरळ केले. ब्रॅकेटसाठी भोक पाडायला मी ड्रिल चेसीच्या वरच्या पट्टीवर टेकवलं तेव्हा भूपालने माझा हात धरला.

"तितं नगं रं. समदा ताण वरच्या न् खालच्या पट्टीवर येतोय. मधल्या उभ्या अंगाला पाड."

डावीकडचा ब्रॅकेट ब्रेकच्या नळीला घासत होता. कानशीने तो कमी करण्यात एक दुपार गेली. मग रिव्हेट तापवून ठोकले. तो मारायचा, मी पलीकडून घण दाबून धरायचो. साहेबांनी पोती लादून गाडी माळावरच्या खड्ड्यांतून फिरवली. उतरल्यावर खाली वाकून पाहिलं आणि फुली स्वतःच्या रुमालाने पुसली.

श्रावणात मेढ्याच्या वरच्या एका वाडीवर दरड कोसळली. मामलेदारांचा माणूस तळावर आला. एका बाईची मांडी मोडली होती, तिच्या सासऱ्याची छाती दबली होती. साहेबांचा हुकूम एवढाच होता: "स्ट्रेचरवरची माणसं आधी. बाकी सगळं नंतर."

भूपाल आणि मी जीप घेऊन निघालो. जाताना काही झालं नाही. दोघांना स्ट्रेचरवर घेऊन परतताना ओढ्याला पाणी वाढलं होतं, पण अजून चाकाच्या निम्म्यावर होतं. मी चालवत होतो. मध्यावर पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि मागचं उजवं अधांतरी उचललं. गाडी पिळवटली. खालून करकर आवाज आला. चेसी तुटते असं मला वाटलं. तुटली नाही. पण चाकं जागेवर फिरत राहिली, आणि पाणी चढत होतं. म्हातारा कण्हत होता.

भूपाल खाली उतरला. पाण्यात छातीपर्यंत वाकून त्याने पुढच्या चाकाखाली दगड सारले, मग मागे जाऊन खांदा लावला.

"सोड क्लच. थांबू नगंस गड्या, वर काढ."

मी क्लच सोडला. जीप उसळली आणि काठावर चढली. मागे वळून पाहिलं तेव्हा वरून वाहत आलेला एक ओंडका ओढ्याच्या मध्यातून पुढे जात होता. भूपाल नव्हता.

मी हाका मारल्या. ओढ्यापर्यंत सोबत आलेले वाडीचे गडी दोर घेऊन खालच्या अंगाला पळाले. त्यांतला एक जाणता मला म्हणाला, "आमी हुडकतो. तुमी माणसं घिऊन जावा." मी गिअर टाकला आणि साताऱ्याच्या इस्पितळापर्यंत कुठे थांबलो नाही. दोघंही वाचले.

भूपाल दुसऱ्या दिवशी खाली वेण्णा नदीच्या काठी सापडला. सेक्शनने त्याला सलामी दिली.

त्याच्या घरी मी गेलो. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ती दोगं जगली का रं?"

"जगली, आई."

मग ती उठली आणि माझ्यापुढे ताट मांडलं. मी जेवलो. न जेवता उठणं मला जमलं नसतं.

त्याच्या गावच्या चावडीत लढाईत गेलेल्या जवानांची दगडी पाटी आहे. भूपालचं नाव तिच्यावर नाही, कारण लढाई तोवर संपली होती. म्हणून मी ते इथे लिहितो. नाईक भूपाल चौगुले. ड्युटीवर असताना गेला.