कालवण माझं, टाळ्या तिला

"तुझ्या कालवणाबरोबर रेड वाइन चालणार नाही," प्राजक्ता म्हणाली. आमच्या सरांनी लगेच मान डोलावली. मला विचारलंही नाही.

मी अलिबागजवळच्या एका रिसॉर्टची शेफ. आमचे मालक देसाई सर मला नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका लहानशा गावी घेऊन आले होते. तिथल्या वायनरीत त्या संध्याकाळी आमचं कोकणी जेवण होतं. टूर कंपन्यांची माणसं जेवायला येणार होती. त्यांना आवडलं तर ती आमच्याकडे पाहुणे पाठवणार. नाही आवडलं तर पावसाळ्यात निम्मं किचन बंद, असं सरांनी गाडीतच सांगून ठेवलं होतं.

प्राजक्ता तिथे पेअरिंग बघते. म्हणजे कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन द्यायची, ते ठरवते. हॉटेल मॅनेजमेंटला ती माझ्याच बॅचला होती. तेव्हा तिला साधा रस्सा जमायचा नाही. आता दगडी टेस्टिंग रूम, खिडकीबाहेर द्राक्षाच्या रांगा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आणि माझ्या ॲप्रनला सुरमईचा वास. तिला बघितल्यापासून मी आतून जळत होते.

"पाहुण्यांना रेडच कळवली आहे," मी म्हटलं.

"अगं, चाखून तरी बघ."

द्राक्षाच्या सालीतून रेड वाइनमध्ये जो तुरटपणा उतरतो, त्याला टॅनिन म्हणतात. तिखटाबरोबर तो जास्तच बोचतो. त्यात मासळी. कालवणावर रेडचा एक घोट घेतला आणि तोंडभर लोखंडाची चव पसरली. मग तिने थंड, किंचित गोडसर व्हाइट वाइन दिली. तिखट निवलं आणि कोकमाचा आंबटपणा छान वर आला. माझं कालवण मलाच नव्याने लागलं.

"चेतना, खरं सांगा," सर म्हणाले, "फरक पडतो?"

'काही नाही' असं म्हणायची फार इच्छा झाली. तिची फजिती बघायला मला आवडलं असतं. पण चव अजून जिभेवर होती.

"पडतो सर. हीच द्या."

पाहुण्यांनी कालवण दोनदोनदा मागून घेतलं. शेवटी एक गृहस्थ उठून म्हणाले, "ही वाइन निवडली कोणी?" प्राजक्ताला पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या. मी भात वाढत होते. ती माझा हात धरून ओढत म्हणाली, "अहो, कालवण हिचं आहे!" पुन्हा टाळ्या. तिचा हा चांगुलपणा तर मला जास्तच झोंबला.

परतताना सर म्हणाले, "प्राजक्ता मॅडमना आपल्याकडे कन्सल्टंट म्हणून घेतोय."

यंदा पावसाळ्यातही आमचं किचन पूर्ण चालू राहिलं. नवा मेनू आता आधी प्राजक्ताकडे जातो. तिचं उत्तर येतं, "मस्त गं!" दर वेळी माझा जळफळाट होतो.

तो होऊ द्यावा. चव विचारली, की मात्र चवीचंच सांगावं.