लुगड्याचा मिक्सर

मला मिक्सर हवा होता. बजाजनगरात आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत तो आला होता. सकाळच्या पाळीचे डबे भरायच्या वेळी चहूकडून घुर्र आवाज यायचा आणि मी तेवढी पाट्यावर चटणी वाटत बसलेली असायचे. पैसे जमले होते, नवरा तयार होता. अडलं होतं सासूबाईंपाशी. गावाकडच्या फर्दापूरच्या घरापासून त्यांचा नियम होता: जुनं बाहेर गेल्याशिवाय नवं आत आणायचं नाही. आमचं प्रत्येक भांडं बोहारणीला कपडे देऊन घेतलेलं. घरातली कळशी म्हणजे सासऱ्यांची धोतरं.

अशात शहरातल्या छावणी भागातल्या एका दुकानावर पाटी लागली: जुना मिक्सर आणा, नव्यावर सूट मिळवा.

"पण आपल्याकडं जुना मिक्सर कुठंय?" मी म्हणाले.

"नसंना. कपडे हायेत की," म्हणत सासूबाईंनी ट्रंक उघडली.

दुकानात त्यांनी काचेच्या काउंटरवर गाठोडं सोडलं. मी ओळख नसल्यासारखी पंखे बघत उभी राहिले.

"मावशी, जुना मिक्सरच लागतो," दुकानदार म्हणाला.

"बिघडलेला मिक्सर घेऊन तू काय करणार? ही पँट बघ. बिघडली का कुठं?" त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. "चेन बी चालू हाय."

"कंपनीची योजना आहे. पँटवर सूट नाही मिळत."

"मग दोन शर्ट वर घे. अन् कंपनीला सांग, बाई लई हट्टी होती."

फ्रिज घ्यायला आलेलं एक जोडपं फ्रिज सोडून इकडं आलं. त्यातल्या गृहस्थांनी पँटची कंबर विचारली.

तेवढ्यात गल्ल्यावर बसलेली दुकानदाराची बायको उठली. तिनं गाठोड्यातून हिरवं, रुंद काठाचं लुगडं ओढलं आणि काठावरून हात फिरवला. "अहो, द्या ना त्यांना सूट," ती म्हणाली. दुकानदारानं मुकाट्यानं मिक्सरचं खोकं खाली उतरवलं.

मी पैसे काढले. सासूबाई हलल्या नाहीत. "वर काय?"

बोहारीण सौदा झाल्यावर वाटी नाहीतर चमचा वर देतेच. दुकानदारानं कॅलेंडर पुढं केलं.

"ह्यात कालवण वाढू का?"

शेवटी त्याचा पाणी प्यायचा स्टीलचा पेला आमच्या पिशवीत आला. पँट फ्रिजवाल्यांनी नेली. बदल्यात त्यांच्या फ्रिजच्या टेम्पोतून आम्ही बजाजनगरला उतरलो.

दुसऱ्या दिवशी आमच्याही घरातून घुर्र आवाज आला. सासूबाईंनी चटणी चाखली आणि पुन्हा घेतली.

काही वर्षांनी मिक्सर जळला आणि त्या दुकानावर तशीच पाटी लागली. या वेळी माझ्याकडं खरोखरचा जुना मिक्सर होता. मी तो पुसून पिशवीत घातला. सासूबाईंनी तो बाहेर काढून परत फळीवर ठेवला.

"ह्यो नाय द्यायचा. लुगड्याचा हाय. तू शर्ट बघ."

मी ट्रंक उघडली.