मेतकुटाचा डबा

सिंगापुरात सेंगकांगच्या पलीकडे उंच इमारती संपतात आणि बैठ्या घरांच्या रांगा लागतात. तिथल्या एका घराच्या मागच्या अंगणात प्रेमाताई साळुंखे रोज सकाळी पाच कोंबड्यांशी माणगावच्या भाषेत बोलायच्या. कोंबड्या चिनी घरमालकाच्या होत्या, पण त्यांना ती भाषा बरोबर कळायची. निदान प्रेमाताईंचं तसं ठाम मत होतं.

घर भाड्याचं होतं. म्हातारे मालक मिस्टर टॅन मुलीकडे राहायला गेले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, कोंबड्या सांभाळायच्या. घर भाड्याने घेणारा त्यांचा मुलगा प्रकाश जहाजावर इंजिनियर, वर्षातले सात महिने समुद्रावर. त्याची बायको अनघा नोव्हेना भागातल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये. मग कोंबड्या कोण बघणार? प्रकाशने आईला बोलावून घेतलं. आईलाही करमेल आणि कोंबड्यांनाही, असं तो म्हणाला, आणि त्याचं हे म्हणणं खरं ठरलं.

पदरात पाच वर्षांचा प्रकाश असताना प्रेमाताईंचा नवरा गेला. पोर शिकलं ते विकलेल्या अंड्यांवर. पण इथे आल्यावर त्यांचं शहाणपण कुठे चालेना. वॉशिंग मशीनची बटणं त्यांना दाद देत नव्हती. नऊ वर्षांची नात वल्लरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. खुराड्यापाशी मात्र घरातलं कुणी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. एवढाच काय तो मान उरला होता आणि तो त्यांना जिवापाड जपायचा होता.

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये कोंबड्यांचे तुरे फिके पडले. अंडी कमी झाली. प्रेमाताईंनी संध्याकाळी खुराड्यात पांढरं फडकं अंथरलं आणि सकाळी झटकून पाहिलं, तर फडक्यावर तांबडे ठिपके चालत होते. चिरडले की रक्त. दिवसा फटीत दडून बसणारी आणि अंधारात कोंबड्यांचं रक्त शोषणारी ही कीड त्यांच्या ओळखीची होती.

अनघाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की घरात मांजर आहे, कोंबडीला चालणारं औषध मांजरीला विष ठरू शकतं. प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली होती. तोवर फटींत उकळतं पाणी ओतायचं, खालचा भुसा रोज बदलायचा आणि पावडर-बिवडर काही वापरायची नाही. प्रेमाताईंनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं ह्यांत माणगावपासून सिंगापूरपर्यंतचं अंतर असतं.

कारण पावडर घरात होती. मार्चमध्ये गावाहून येताना त्यांनी ती आणली होती. मूळ पाकिटावर कवटीचं चित्र, ते विमानतळावर कोण सोडणार? म्हणून अर्धी पावडर मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि पाकीट गावीच माळ्यावर ठेवून दिलं. डबे रिकामे झाले की दुसऱ्या कामाला लावायचे, ही तर आपली जन्माची सवय. चहाच्या डब्यात मोहरी आणि बिस्किटांच्या डब्यात सुया ठेवून आपण आयुष्य काढतो.

शुक्रवारी अनघा कामावर गेली. प्रेमाताईंनी तोंडाला रुमाल बांधून एकेका कोंबडीच्या पंखांखाली पावडर चोळली. कोंबड्या जिथे मातीत लोळायच्या त्या कोपऱ्यातही टाकली. गावी तिथे चुलीची राख टाकत, इथे चूल कुठली? डबा धुतल्या हातांनी पिठाच्या डब्यांमागे ठेवला. वल्लरीची मांजर, बिस्किट, त्याच मातीत पाठ घासायची, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पण गावाकडची मांजरं सगळ्यात लोळतात आणि काही होत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शनिवारी दुपारी बिस्किट सोफ्याखालून बाहेर आली ती पाय ओढत. तोंडातून लाळ, कान फडफडताहेत, अंगावरून एकामागून एक थरथर. वल्लरी किंचाळली नाही. पांढरी पडून म्हणाली, “आजी, शी इज शेकिंग.” आजीला एकाच क्षणात सगळं कळलं, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून त्या टॅक्सीत बसल्या. अनघा परस्पर दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मांजरीच्या अंगाला काही लागलंय का, घरात काही फवारलंय का. अनघाने प्रश्न मराठीत केला आणि सासूकडे पाहिलं. बोललं की संपलं. अनघा आरडाओरडा करणार नाही, ती प्रकाशला जहाजावर कळवेल आणि तो गोड शब्दांत म्हणेल, आई, आता तू गावी आराम कर. खुराडं जाईल आणि नातही जाईल. त्या भ्याल्या होत्या, मांजरीसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त.

आत टेबलावर बिस्किटचा जबडा कटकट वाजत होता. अनघा पुन्हा म्हणाली, “आई, विषं वेगळी असली की उपायही वेगळा असतो. नाव कळलं नाही तर डॉक्टर अंदाजाने औषध देणार.”

वल्लरी आजीचा हात धरून उभी होती. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

“पिठाच्या मागे मेतकुटाचा डबा आहे,” प्रेमाताई म्हणाल्या. “पण आत मेतकूट नाही.”

वल्लरीने हात सोडला.

मग माणगावला फोन गेला. गावच्या घरी राहणारे दीर, पांडुरंगभावोजी, चष्मा शोधून माळ्यावर चढले आणि पाकिटावरचं नाव एकेक इंग्रजी अक्षर करून वाचू लागले. पी. ई. आर. अनघा लिहीत होती. सहा अक्षरांनंतर डॉक्टरीणबाईंनी औषध ओळखून हात वर करून थांबवलं आणि त्या आत धावल्या. त्यांनी बिस्किटला कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुतलं, थरथर थांबवणारं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. अनघा सासूला एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी बिस्किट घरी आली. मागचे पाय अजून कच्चे होते, पण दूध बघून ओरडली. डॉक्टरीणबाईंनी कोंबड्या धुवायला, माती काढून टाकायला आणि मांजरीला खुराड्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. प्रेमाताईंनी सगळं केलं, प्रत्येक गोष्ट अनघाला विचारून. गावी पाठवायची गोष्ट कुणी काढली नाही. त्यांना वाटलं, निभावलं.

दुपारी वल्लरी शाळेतून आली. प्रेमाताईंनी तिच्या आवडीचा मऊ भात केला, वर तूप, वर मेतकूट. हे खरं मेतकूट, दुसऱ्या डब्यातलं. ताट पुढे ठेवलं. वल्लरीने भाताकडे पाहिलं, मग फळीवरच्या डब्याकडे. हात मांडीवरच ठेवले.

“आजी, कुठला डबा?” तिने मराठीत विचारलं. कधी नव्हे ते मराठीत.

नातीच्या ताटातला पहिला घास उचलून प्रेमाताईंनी स्वतः खाल्ला, मग दुसरा. वल्लरी जेवायला लागली नाही. ती वाट बघत होती, आणि तिची नजर आजीच्या तोंडावर नव्हती, हातांवर होती. ते थरथरतात का, हे ती बघत होती.

आणि प्रेमाताईंना ते काही केल्या थांबवता येईनात.